वाटा की भाकरी?

(म्हसळा येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



म्हसळ्यात बोलायला उभं राहिलं की मला जरा अवघडल्यासारखं होतं. बाहेरगावी लोक मला तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक म्हणून ऐकतात. इथे पहिल्या रांगेतल्या दोघांनी मला हाफ पॅन्टीत सुपाऱ्या वेचताना पाहिलेलं आहे. त्यामुळे इथे फार मोठे शब्द वापरता येत नाहीत. ते बरंच आहे.

विषय आहे अपंग माणूस, त्याचं अनुदान आणि आपण. पण त्याआधी अर्ध्या तासापूर्वी दाराशी काय झालं ते सांगतो. या सभागृहाला पाच पायऱ्या आहेत. आपले एक श्रोते चाकाच्या खुर्चीतून आले. चार तरुण पुढे झाले, त्यांनी खुर्ची अलगद उचलली, वर आणली. सगळ्यांना बरं वाटलं, मलाही वाटलं. मी जवळ गेलो तेव्हा ते गृहस्थ हळूच म्हणाले, "जाताना परत कुणाला तरी सांगावं लागेल, सर." त्यांची परवानगी घेऊन हे तुम्हाला सांगतो आहे.

मदत मिळाली, यात शंका नाही. पण ती मागावी लागली आणि तासाभराने पुन्हा मागावी लागेल. पायऱ्यांच्या बाजूला उतार असता तर मागायचा प्रश्नच आला नसता. आपण मदत करायला तयार असतो, पण उतार बांधायला तयार नसतो. असं का, याचा विचार आज करायचा आहे.

आपल्याकडे याचं मूळ फार जुनं आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात वारसाहक्काची चर्चा आहे. जन्मांध, जन्मतः बहिरा, मुका, वेडा अशांना वडिलांच्या संपत्तीत अंश नाही, असं तिथे सांगितलं आहे. पण लगेच पुढे असंही सांगितलं आहे की त्यांना जन्मभर अन्नवस्त्र द्यावं, न देणारा पतित होतो. म्हणजे व्यवस्था काय झाली? भाकरी आहे, वाटा नाही. भाऊ जमिनीचा मालक, आणि आंधळा भाऊ त्याच्या ओसरीवर. त्याला उपाशी ठेवलं तर पाप, पण त्याला मालक मानायचं मात्र कारण नाही.

तुम्ही म्हणाल, सर, हे फार जुनं झालं. तितकं जुनं नाही. हिंदू वारसाहक्कातली ही अपात्रता काढण्याचा कायदा १९२८ साली झाला, आणि त्यातही जन्मतः वेडसर किंवा मतिमंद असलेल्यांना वगळलेलंच होतं. त्यांचा अडसर १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने गेला. १९५६ म्हणजे या सभागृहातल्या काही लोकांचा जन्म झालेला होता. कागदावरून नियम गेला, पण मनातून गेला का? माझं म्हणणं असं आहे की गेला नाही. त्याने फक्त घर बदललं. पूर्वी तो वाड्यात होता, आता तो सरकारी योजनेत राहतो.

कसा, ते बघा. महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८०पासून आहे. विधवा, परित्यक्ता, गंभीर आजारी, अपंग अशा अनेकांना तिचा आधार आहे. चांगली योजना आहे, तिने लोकांना जगवलं आहे. पण पात्रता ठरते ती कुटुंबाच्या उत्पन्नावर. पस्तीस वर्षांचा माणूस, त्याला स्वतःची एक रुपयाची मिळकत नाही. पण भाऊ मुंबईत नोकरीला किंवा आखातात आहे, म्हणून हा अपात्र. का? तर भाऊ त्याला खायला घालतो. म्हणजे शासनही त्याला तेच सांगतं जे मनूने सांगितलं: तुझी भाकरी भावाकडे आहे, वेगळा वाटा कशाला हवा?

उत्पन्नाची सर्वसाधारण मर्यादा या योजनेत वर्षाला २१,००० रुपये आहे. अपंगांसाठी ती सैल केलेली असली, तरी २०२४ साली आलेल्या लाडकी बहीण योजनेच्या अडीच लाखांच्या ती जवळपासही जात नाही. बहिणींना मिळतं याचा मला मुळीच हेवा नाही. प्रश्न एवढाच आहे की अडीच लाखांपर्यंतच्या घराला गरज असू शकते हे आपल्याला एका बाबतीत पटतं, मग दुसऱ्या बाबतीत का पटत नाही?

आता कपातीबद्दल बोलू. ब्रिटनमध्ये २०२५च्या मार्चमध्ये सरकारने अपंगांच्या भत्त्याचे निकष कडक करायचं ठरवलं. सत्ताधारी मजूर पक्षाच्याच शंभराहून अधिक खासदारांनी विरोध केला आणि १ जुलैला, मतदानाला थोडाच वेळ उरलेला असताना, सरकारला तो भाग मागे घ्यावा लागला. तिथे कपात होते तेव्हा तिला कपात म्हणतात, त्यामुळे तिच्याविरुद्ध उभं राहता येतं. आपल्याकडे कपात अशी होतच नाही. आपल्याकडे आकडा तसाच ठेवतात.

केंद्र सरकारचं इंदिरा गांधी अपंग निवृत्तिवेतन घ्या. कुटुंब दारिद्र्यरेषेखाली हवं, अपंगत्व ८० टक्के हवं, आणि मिळणार महिन्याला ३०० रुपये. म्हणजे दिवसाला १० रुपये, आपल्या एस.टी. स्टँडवरचा एक चहा. हा ३००चा आकडा २०१२पासून हललेला नाही. तेव्हापासून भाव जवळपास दुप्पट झाले. म्हणजे त्या ३००चे दीडशे झाले, आणि त्यासाठी कोणत्याही मंत्र्याला एक सही करावी लागली नाही. राज्य वरून भर घालतं म्हणून निभावतं, एवढंच.

राज्याचंही बघू. २०१६चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ला लागू झाला. त्याच्या कलम २४मध्ये स्पष्ट म्हटलं आहे की सामाजिक सुरक्षेच्या योजनेत इतरांना जेवढं मिळतं, त्यापेक्षा अपंगांना निदान २५ टक्के जास्त मिळावं. यात उपकार नाही, हिशेब आहे. अमर्त्य सेन यांनी हे फार नीट समजावून सांगितलं आहे. दोघांच्या हातात सारखेच पैसे दिले तरी दोघांना सारखं जगता येत नाही. मी बाजारात चालत जातो, दुसऱ्याला रिक्षा लागते. मी चष्म्यावर भागवतो, दुसऱ्याला सोबत माणूस लागतो. त्या रिक्षेचा आणि त्या माणसाचा खर्च म्हणजे ते २५ टक्के.

आता गणित करा. २०२३च्या जुलैपासून निराधार योजनेत सगळ्यांना १,५०० रुपये होते. अपंगांना कायद्याप्रमाणे किमान १,८७५ हवे होते. मिळत होते १,५००. महिन्याला ३७५ रुपये कायद्याने देणं होतं, ते दिलं नाही. याला कपात म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? २०२५च्या जूनमध्ये बच्चू कडू यांनी गुरुकुंज मोझरीला उपोषण केलं, त्यांच्या मागण्यांत अपंगांना ६,००० रुपये ही मागणी होती. सप्टेंबरमध्ये शासनाने अपंगांची रक्कम २,५०० केली. चांगलं झालं, मी मनापासून स्वागत करतो. पण कायदा होऊन आठ वर्षं झाल्यावर, आणि कुणीतरी उपाशी बसल्यावर ते झालं, हेही लक्षात ठेवू.

या सगळ्या काळात एक गोष्ट मात्र भरभरून वाढली, ती म्हणजे कौतुक. २७ डिसेंबर २०१५च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी 'विकलांग'ऐवजी 'दिव्यांग' म्हणावं असं सुचवलं. अनेक संघटनांनी आक्षेप घेतला, पण शब्द रुजला. कायद्याच्या मराठी नावात आला, आपल्या राज्यात २०२२ साली स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग झाला, त्याच्याही नावात आला. काही अपंग मित्रांना तो शब्द आवडतो, त्यांच्याशी माझं भांडण नाही. शब्द सुचवणाऱ्याच्या हेतूबद्दलही मी बोलत नाही. मी स्वतः मात्र 'अपंग' म्हणतो, आणि त्याचं कारण कौटिल्याकडे आहे.

अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात वाक्पारुष्य, म्हणजे बोलून केलेला अपमान, हा विषय आहे. एकडोळ्याला एकडोळ्या म्हणून हिणवलं, आणि तो खरंच तसा असेल, तर दंड तीन पण. तो तसा नसेल तर सहा पण. आणि त्याला 'काय सुंदर डोळे आहेत तुझे' असं म्हटलं, तर बारा पण! सगळ्यात जास्त दंड खोट्या स्तुतीला. कौटिल्य हळवा माणूस नव्हता, पण त्याला हे कळलं होतं की ज्याला देण्यासारखं काही द्यायचं नसतं, त्याला आपण विशेषण देतो.

हे मी इतरांबद्दल बोलतोय असं समजू नका. बारा पणांचा दंड मलाही लागू आहे. मी नोकरीत नवा होतो तेव्हा वर्गात एक अंध विद्यार्थी होता. हुशार. स्नेहसंमेलनात मी त्याच्यावर पाच मिनिटं बोललो. जिद्द, अंतःचक्षू, सगळं. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी तो घरी आला आणि म्हणाला, "सर, काल तुम्ही फार छान बोललात. त्या पुस्तकाचं काय झालं?" पाठ्यपुस्तक कॅसेटवर वाचून द्या, असं त्याने मला जूनमध्ये सांगितलं होतं. मी 'बघू' म्हटलं होतं. मग लाजेकाजेस्तव मी तीन प्रकरणं वाचून दिली, तोवर परीक्षा आली. तो पास झाला, त्याला पहिला वर्ग मिळाला नाही. ते पाच मिनिटांचं भाषण मला अजून आठवतं आणि अजून बोचतं.

आता दुसरी बाजू. कौतुकाच्या जोडीला संशय असतो. स्टँडवर, कचेरीच्या रांगेत ऐकू येतं, "याला काय, बसून मिळतं." आपल्याकडे म्हण आहे, आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं. आपण ती वापरताना हसतो. पण नीट ऐका, त्या म्हणीत आंधळं दळतंय! ते बसून खात नाही. पीठ जातं कुठे हा प्रश्न आहे, आणि आपण दोष देतो दळणाऱ्याला.

खोटे दाखले निघतात, हे मला मान्य आहे. २०२४ साली पुण्यातल्या एका प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्याचं प्रकरण गाजलं. त्याच सुमाराला तेलंगणातल्या एका वरिष्ठ सनदी अधिकाऱ्याने समाजमाध्यमावर विचारलं, की विमान कंपनी अपंग वैमानिक घेते का, मग प्रशासकीय सेवेत आरक्षण कशाला? बघा, प्रकरण होतं एका उमेदवाराचं, आणि प्रश्न विचारला गेला सगळ्या अपंगांना. लबाडीने लाभ घेणाऱ्याला या कायद्यातच दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. करा ना कारवाई. पण ज्याला जन्मापासून पाय नाही, त्याला पाय नाही हे पुन्हा सिद्ध करायला माणगाव, वडखळ करत अलिबागला पाठवायचं, ही कसली तपासणी? तिकिटात ७५ टक्के सवलत असते, पण एस.टी.ची पहिली पायरी तेवढीच उंच राहते.

आता म्हसळेकरांना एक आठवण देतो. ३ जून २०२०. निसर्ग वादळ. श्रीवर्धन, दिवेआगर, म्हसळा, कौलं उडाली, पत्रे उडाले, पिढ्यांनी लावलेल्या नारळी-पोफळी एका दुपारी आडव्या झाल्या. पंचनामे झाले, मदत आली. कमी आली, उशिरा आली म्हणून आपण भांडलोसुद्धा, आणि आपलं बरोबर होतं. तेव्हा आपल्याला कुणी 'फुकटे' म्हटलं का? आपल्याला स्वतःला तरी तसं वाटलं का? नाही. कारण आपल्याला पक्कं ठाऊक होतं की वादळ आपण आणलं नव्हतं, आणि उभं राहायला मदत मिळणं हा आपला हक्क होता. कुणी खोटा पंचनामा केला असेलही. म्हणून सगळ्या बागायतदारांना कुणी चोर म्हटलं नाही.

एखाद्याच्या शरीरावर असं वादळ जन्मतःच येऊन जातं. एखाद्यावर अपघाताने येतं. आणि माझ्यासारख्याच्या गुडघ्यावर आणि डोळ्यांवर ते हळूहळू येतच असतं. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात अपंगांची संख्या सुमारे २९ लाख ६३ हजार नोंदवली गेली. ती संख्या म्हणजे 'ते लोक' नव्हेत. त्या यादीत आपली नावं नंतर येणार आहेत, एवढाच फरक.

शेवटचा मुद्दा, आणि तो कामाचा आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीने, नगरपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के अपंगांसाठी खर्च करायचे असतात. हा शासनाचा नियम आहे. पुढच्या ग्रामसभेत उठून तीन प्रश्न विचारा. स्वउत्पन्न किती? त्याचे ५ टक्के किती? ते कशावर खर्च झाले? आणि हे प्रश्न अपंग माणसालाच विचारायला लावू नका. तो रोज विचारून दमलेला असतो.

आणि ज्यांच्या हातात हे सभागृह आहे त्यांना माझी विनंती. मला शाल-श्रीफळ दिलंत, आभारी आहे. पुढच्या वेळी शाल नको. त्या पैशात थोडी भर घालून पायऱ्यांच्या बाजूला सिमेंटचा एक उतार बांधा. मग आपल्या या मित्रांना आत येताना आणि जाताना कुणाला सांगावं लागणार नाही.

आज मात्र सांगावं लागणार आहे. तेव्हा ते चौघे तरुण, कृपा करून थांबा. प्रश्नोत्तरं झाली की लागाल.

विचारा.