चूल कायनं पेटवली?

कॉलेजात शिकवू लागलो त्या पहिल्या वर्षीची गोष्ट. सुटीत दर्यापूरकडच्या आमच्या खेड्यात गेलो असता, एका दिवाळी अंकातली पुराची कथा मी आईला मोठ्या हौसेने वाचून दाखविली. पाण्याचा लोंढा, वाहून जाणारी गुरे, झाडावर अडकलेले मूल असे सगळे काही तीत होते. आईने शेवटपर्यंत ऐकले आणि विचारले, "मंग दुसऱ्या रोजी त्या बाईनं चूल कायनं पेटवली, बाबू? पऱ्हाट्या त साऱ्या ओल्या झाल्या असतीन." मी हसलो. ते हसणे आज मलाच लागते. पुढे आपत्तीवरचे काहीही वाचताना हा प्रश्न आधी मनात येऊ लागला, आणि पुष्कळ नावाजलेली पाने त्यापुढे उभी राहीनात.

वऱ्हाडात आपत्ती बहुधा गाजावाजा करून येत नाही. ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीने मोवाड बुडविले, दोनशेहून अधिक माणसे गेली. पलीकडच्या काठावर आमचा वरूड तालुका. पण अशी तारीख क्वचितच सांगता येते. पूर्णेच्या दोन्ही अंगांनी अमरावती, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरला आहे. माती काळी, कसदार. विहिरीचे पाणी खारे. ते शेताला दिले तर जमीनच बिघडते. तेव्हा सारी भिस्त आभाळावर. मृग कोरडा गेला की दुबार पेरणी, आणि वेचणीच्या वेळी पाऊस आला की बोंडातला कापूस भिजतो. याला कोणी आपत्ती म्हणत नाही, 'औंदा जमलं नाही' एवढेच म्हणतात.

गो. नी. दांडेकर मूळचे परतवाड्याचे. 'पूर्णामायची लेकरं' या कादंबरीत त्यांनी वऱ्हाडी बोलीला जो मान दिला, त्याचे ऋण मोठे आहे. मात्र नावातल्या त्या 'माय'पाशी मी दर वेळी थबकतो. या मायच्या कुशीतली लेकरे खारे पाणी पितात, हेही तिच्याविषयी सांगण्यासारखे आहे.

दुष्काळाची म्हणून आपल्याला चटकन आठवते ती 'बनगरवाडी' (१९५५). ती माणदेशातली, पण तुलनेसाठी हाताशी हवी. पाऊस पडत नाही, धनगर मेंढरे घेऊन जगायला बाहेर पडतात, गाव ओस होते आणि मास्तरही निघतो. माडगूळकरांचा संयम निर्विवाद आहे. परंतु आईचा प्रश्न जेथे सुरू होतो, तेथे कादंबरी संपते. वाटेत धनगरणीने तीन दगड कोठे मांडले, ते मास्तरला दिसण्याजोगे नाही. तो साक्षीदार आहे, घरचा नाही. (याच माडगूळकरांनी पुढे ऑस्ट्रेलियावर प्रवासवर्णन लिहिले, त्याचे नाव 'पांढरी मेंढरे, हिरवी कुरणे'. दुष्काळ आणि वणवे तिकडच्या शेतकऱ्याच्याही पाचवीला पुजलेले. तरी माणदेशी डोळ्यांना आधी हिरवळ दिसावी, याचे मला नवल वाटत नाही.)

उद्धव शेळके यांच्या 'धग'मध्ये (१९६०) पूर नाही की दुष्काळ नाही. शिंप्याचे एक घर आहे, महारोग झालेला महादेव आहे, आणि लोकांच्या शेतात राबून पोरे जगवणारी कौतिक आहे. तरीही वऱ्हाडातल्या आपत्तीची खरी कादंबरी मी हिलाच म्हणेन. येथे चूल प्रत्यक्ष आहे; आज ती पेटेल की नाही, यावर घरातले प्रत्येक बोलणे अवलंबून आहे. कौतिकवर दुःखे फार ओळीने कोसळतात, हे रचलेले वाटते, असा आक्षेप मीही एकेकाळी वर्गात शिकविला. तो आता मागे घेतो. ज्या घरात चार पायल्या ज्वारी शिल्लक नसते, तेथे पहिले दुःख दुसऱ्याला दार उघडूनच देते. त्याला लेखकाच्या योजनेची गरज लागत नाही.

बुलढाणा जिल्ह्यातल्या सदानंद देशमुख यांच्या 'बारोमास'ला (२००२) साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. शिकून नोकरीविना शेतीत अडकलेला एकनाथ पुष्कळदा कादंबरीकाराच्या वतीने बोलू लागतो, आणि तेवढ्यापुरते मला व्यासपीठ दिसते. पण एकनाथ आणि अलका यांच्यातली धुसफूस पाहावी. पावसाने दिलेला दगा घरात नवराबायकोच्या आवाजात कसा उतरतो, हे तेथे जितके ऐकू येते तितके कोणत्याही भाषणात नाही.

आईला तिच्या प्रश्नाचे उत्तर मी पुष्कळ वर्षांनी विचारले. तिने स्वतः एक पूर काढला होता, हे मला तोवर माहीत नव्हते. "तुह्या बाबाची तिफण माळ्यावर कोल्ली होती," ती म्हणाली, "तेच फोडली." पाणी ओसरल्यावर दुबार पेरणी आली. तिफण मागायला बाबा चार घरी गेले, आणि चारही घरची तिफण शेतात गेलेली होती.