लावणीचा ठेका आणि अरेंजर कीबोर्ड

माढा तालुक्यातील मोडनिंब हे गाव संगीत बारीच्या कलाकेंद्रांमुळे महाराष्ट्रभर परिचित आहे. पेटी, तबला, ढोलकी आणि नर्तकीचे चाळ यांच्या परस्परसंवादातून बारीतील लावणी उभी राहते. या संवादातील ढोलकीवादकाचे कार्य अरेंजर कीबोर्डावर स्वतः बांधलेल्या साथीकडे, म्हणजे वादक जिला ‘स्टाइल’ म्हणतात तिच्याकडे, सोपविता येईल काय, हा प्रश्न केवळ सोयीचा नसून लयविचाराचा आहे.

यामाहाच्या पद्धतीत स्टाइलचे आठ पदर असतात. दोन तालाचे, एक बासचा, उरलेले स्वरसंगतीचे. डाव्या हाताने कॉर्ड बदलली की तालाखेरीजचे पदर तिच्यामागोमाग सरकतात. लावणीची चाल मात्र एका षड्जावर स्थिर असते. तिला या सरकण्याचे प्रयोजन नाही. हौशी रचनाकार तरीही ते पदर भरून टाकतात आणि लावणीला चित्रपटगीताची कळा आणतात. ते रिकामे ठेवणेच इष्ट होय.

खरी अडचण तिहाईची आहे. मुख्य खंडांना जोडणारा ‘फिल-इन’ हा एकाच मापाचा असतो. चार-चारच्या मापात अष्टमांश स्वरास एक मात्रा मानल्यास केरव्याचे ८ मात्रांचे आवर्तन, म्हणजे अर्ध्या मात्रेचे १६ घटक, त्यात नेमके बसते. आता ५ घटकांचा पल्ला तीनदा घेऊन मध्ये एकेक घटकाचा विराम ठेवला, तर बेरीज १७ होते. सतरावा आघात म्हणजेच सम. आणि तो फिल-इनच्या कक्षेबाहेर, पुढील मुख्य खंडाच्या आरंभी पडतो. म्हणजे तिहाई एका खंडात बांधावयाची आणि तिचा उतार दुसऱ्यात! यावर उपाय आहे. मुख्य खंड चार आवर्तनांचा करून त्याची पहिली सम तेवढी भारदस्त बांधावी, उरलेल्या तीन साध्या ठेवाव्यात.

परंतु दुसऱ्या दोषास असा उपाय नाही. माप अर्धे सरल्यावर कळ दाबली, तर यंत्र फिल-इन मधूनच वाजवू लागते. पहिला पल्ला नाहीसा होतो, आणि उरते ती तिहाई नव्हेच. कळ समेपूर्वीच दाबली पाहिजे. ढोलकीवादकही तिहाई आधी योजतो हे खरे. पण नर्तकीचे पाऊल रेंगाळले तर तो योजना मोडतो, विराम लांबवितो, प्रसंगी पल्ला पुन्हा घेतो. लय तो तिच्या पावलांवरून वाचीत असतो. यंत्राच्या साथीत हा क्रम उलटतो व नर्तकीला यंत्राची वाट धरावी लागते. घुमाऱ्याचा आवाज कितीही हुबेहूब मुद्रित केला तरी हा उलटा क्रम सुलटत नाही, किंबहुना आवाजाच्या हुबेहूबपणामुळे तो लक्षातच येत नाही.

एकट्याने चालीचा रियाज करणाऱ्या गायिकेस अशी स्टाइल उपकारक ठरेल यात संशय नाही. तेथे ठेका अचल असणेच हवे असते. अदाकारीच्या जागी मात्र तालाचे पदर बंद करून ढोलकीवादकास बोलवावे.