खांद्याच्या उंचीची बाग

या बागेत गुलाब नाही. कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या एका जुन्या घराची ही गच्ची, आणि माझी आत्ती एकेकाळी गुलाबांसाठीच गल्लीत ओळखली जायची. स्तनाच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रियेत तिच्या डाव्या काखेतल्या लसिकाग्रंथी काढाव्या लागल्या. त्या गेल्या की हातातला द्रव नीट परतत नाही, हात सुजू शकतो आणि काटा टोचल्याचं निमित्त होऊन संसर्ग हातभर पसरू शकतो. म्हणून गुलाब गेले, लिंबाचं झाड शेजाऱ्यांकडे गेलं, बोगनवेल मुळासकट काढली.

आजारातून उठलेल्या माणसाची बाग म्हटली की लोक आशा, नवी पालवी असं बोलू लागतात. मला ते अपुरं वाटतं. या बागेची गोडी तिच्या मापात आहे. इथली प्रत्येक कुंडी कुठं आहे, किती उंच आहे, कशाची आहे याला एका विशिष्ट शरीराचं कारण आहे, आणि ती कारणं कळत गेली की गच्ची अधिकाधिक सुंदर दिसू लागते.

पहिलं माप उंचीचं. जमिनीवर जवळजवळ काही नाही. जुनं लोखंडी टेबल, विटांचे थर, त्यावर फळ्या. एक मांडव सोडला तर सगळं कमरेच्या वर आणि खांद्याच्या खाली. ‘मी झाडापाशी वाकत न्हाई आता, झाडानंच वर यायचं,’ आत्ती म्हणते. दुसरं माप वजनाचं, आणि इथं कोल्हापूर तिच्या मदतीला आलं. गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवारा’तून गच्चीवरच्या शेतीचा जो विचार घरोघरी नेला, त्यात माती थोडी आणि पालापाचोळा, उसाची चिपाडं, स्वयंपाकघरातला ओला कचरा जास्त. आत्तीच्या बागेत हीच रीत. रसवंतीवरची चिपाडं आणून कुजवलेली, वरून पाचटाचं आच्छादन. झाडं बहुतेक पिशव्यांत, आणि अशी भरलेली पिशवी मातीच्या कुंडीपेक्षा खूप हलकी होते. गच्चीच्या स्लॅबवर भार नको म्हणून जे केलं जातं, ते इथं सुजणाऱ्या हातासाठी उपयोगी पडलं.

पाणी घालायला पाइप नाही, झारीही नाही, तांब्या आहे. भरलेली झारी त्या हाताला जड होते. तांब्याने पाणी घालायचं तर फेऱ्या वाढतात, म्हणून मांडणी तहानेप्रमाणे केलेली. पाण्याच्या पिंपाला लागून पुदिना, पालक, अळू. त्यापलीकडे वांगी आणि घेवडा. कठड्याकडे तुळस, पानओवा, ब्रह्मकमळ. बसायचं स्टूल मात्र मधोमध. हौसेच्या बागेत बसायची जागा कडेला असते, तिथून बाग बघायची असते. इथं अर्धी फेरी झाली की दम लागतो, तिथंच स्टूल आहे. केमोचा थकवा झोप काढून जात नाही, आणि ही मांडणी ते मान्य करून केलेली आहे.

मला सर्वांत आवडलेली गोष्ट कानाची आहे. पॅक्लिटॅक्सेल या औषधाने तिच्या बोटांची टोकं बधिर झाली. ओल आहे की नाही हे बोट खुपसून बघायची तिची जन्माची सवय. ते बोटच काही सांगेना. मग तिने पिशव्यांच्या प्रत्येक घोळक्यात एक मातीची कुंडी ठेवली. जाता जाता बोटाच्या पेराने टक्‌ करायचं. कोरडी कुंडी खणखणते, ओली मंद बोलते. त्या एकीवरून बाकीच्यांचा अंदाज. बियांचंही तसंच. घेवडा, वाल, दोडका, भोपळा अशा ठसठशीत बिया ती चिमटीत धरून लावते. माठाचं बारीक बी राखेत मिसळून भुरभुरते, शेतात पूर्वापार करतात तसं.

बागेचा एक भाग खिडकीतून बघायचा आहे. केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत खाली जातात. त्या दिवसांत मातीला, खताला हात लावायचा नाही, कारण कुजणाऱ्या पाल्यात बुरशीचे बीजाणू असतात. माझी वहिनी पाणी घालायची, आत्ती पलंगावरून बघायची. त्या खिडकीसमोर झेंडू, गोकर्ण आणि सदाफुली अशी रंगांची ओळ लागली, ती अजून तिथंच आहे. रॉजर उलरिच यांनी १९८४ साली ‘सायन्स’मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयाचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले, जालीम वेदनाशामकंही त्यांना कमी लागली. रुग्ण ४६च होते, पण ही ओळ बघताना मला तो अभ्यास आठवतो.

त्या ओळीतल्या सदाफुलीपाशी थांबायला हवं. जमैकात मधुमेहावर तिचा काढा घेत. तिथून आलेल्या पानांवर कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी काम केलं. साखर उतरली नाही, उंदरांच्या पांढऱ्या पेशी मात्र घटल्या, आणि १९५८च्या सुमारास विनब्लास्टिन हे कॅन्सरवरचं औषध हाती आलं. त्याचं भावंड विनक्रिस्टिन आजही रक्ताच्या कॅन्सरवर दिलं जातं. (आपल्याकडे सदाफुलीची पानं चावून खाणारे आहेत, खाऊ नयेत, ती विषारी आहेत.) आत्तीला दिलेलं लाल औषध, डॉक्सोरुबिसिन, स्ट्रेप्टोमायसिस कुळातल्या मातीतल्या जिवाणूपासून आलं. पहिल्या पावसात मातीला जो वास सुटतो, तो मुख्यतः याच कुळाचा. पॅक्लिटॅक्सेल मूळचं अमेरिकेतल्या एका यू वृक्षाच्या सालीतलं. त्याची रचना १९७१ साली प्रसिद्ध करणाऱ्यांत मन्सुख वाणी होते, जन्माने नंदुरबारचे. वाणी आणि मनरो वॉल यांनीच त्याआधी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन हे कॅन्सरविरोधी द्रव्य वेगळं केलं होतं. तेच आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या या झाडात मिळतं, आणि त्यापायी नरक्याची चोरटी तोड होते. ज्या औषधांनी आत्तीची बोटं बधिर केली, केस नेले आणि जीव राखला, ती झाडाझुडपांतून आणि मातीतून आलेली आहेत. ती हे जाणते. सदाफुलीच्या कुंडीला तिने गच्चीत पहिला मान दिला आहे.

वासांची मांडणीही वाचण्यासारखी. केमोच्या काळात मोगरा तिला सहन होईना, दवण्याने तर उमळून यायचं. जोतिबाच्या चैत्र यात्रेतला दवणा, लहानपणापासूनचा. तोंड आलेलं असताना तांबड्या रश्श्याचा वासही नको झालेला. वारं पश्चिमेचं, म्हणून वासाची झाडं पूर्वेच्या टोकाला, टाकीमागे गेली. मग ती एकेक करून परत आली. आधी पुदिना, मग मोगरा, यंदा दवणा थेट दाराशी. रातराणी अजून टाकीमागेच आहे, तिथंच राहील असं दिसतं.

उत्तरेच्या कोपऱ्यात दोडक्याचा मांडव आहे. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी हात भिंतीवरून बोटांनी चढवत न्यायला सांगितलं होतं. आत्तीने भिंतीऐवजी बांबू घेतला. हात जिथवर जाईल तिथं सुतळीची गाठ मारायची, वेल तिथवर चढू द्यायचा. जुन्या गाठी तिने सोडल्या नाहीत. खालच्या गाठी छातीच्या उंचीवर, सैल आणि वेड्यावाकड्या. वर जाल तशा घट्ट. शेवटची डोक्याच्या वर आहे. त्यामुळे मांडव इतका उंच झालाय की दोडका काढायला वहिनीच्या मुलाला स्टुलावर चढावं लागतं. मांडणीत हा दोष आहे, आणि मी तो तिला सांगितला. पुढच्या लागवडीला ती तिथं घोसाळं लावणार आहे. बांबू बदलायला तयार नाही.