अंकेक्षणाचा अंतिम टप्पा : एक दुर्लक्षित प्रश्न

वित्तीय विवरणांच्या अंकेक्षणाचा अंतिम टप्पा म्हणजे कागदपत्रांची जुळवाजुळव व स्वाक्षरी, असा समज व्यवसायात आणि वर्गातही दृढ आहे. वस्तुतः ताळेबंदोत्तर घटनांचा शोध, दुरुस्त न झालेल्या चुकांचे एकत्रित मूल्यमापन आणि विवरणांचे समग्र विश्लेषण याच टप्प्यात येते. संकलित पुरावा मतप्रदर्शनास पुरेसा आहे काय, हे येथेच ठरते.

सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेसचे प्रकरण या दृष्टीने पुन्हा अभ्यासण्याजोगे आहे. ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्ष रामलिंग राजू यांनी कबुली दिली, की ३० सप्टेंबर २००८ च्या ताळेबंदातील ५,३६१ कोटी रुपयांच्या रोख व बँक शिलकेपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. चर्चा प्रवर्तकाच्या लबाडीभोवती फिरली. ते स्वाभाविक, परंतु अपुरे होते. अमेरिकेच्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनने एप्रिल २०११ मध्ये अंकेक्षक संस्थांवर ठेवलेला ठपका अधिक बोलका आहे : बँकांकडे पुष्टिपत्रे पाठविणे व उत्तरे स्वीकारणे, या दोहोंवरील नियंत्रण त्यांनी ग्राहक कंपनीच्याच हाती सोपविले होते. धारिकेतील पत्र कोणाच्या हातून आले, हा साधा प्रश्न अंतिम पुनरावलोकनातही निसटला, असेच म्हणावे लागते.

व्यवस्थापनाचे लेखी निवेदन ही उणीव भरून काढू शकत नाही. अंकेक्षण मानक ५८० नुसार ते आवश्यक असले, तरी स्वतःहून पुरेसा पुरावा ठरत नाही. अडचण वेळेची आहे. संचालक मंडळाच्या सभेची तारीख आधीच ठरलेली असते, आणि शेवटच्या आठवड्यात बँकेस थेट नवे पत्र धाडण्याचा आग्रह धरणारा सहायक सर्वांनाच अडथळा वाटतो.