हळदीचे डाग, ग्रीसचे डाग

पुस्तकाबद्दल लिहायचं तर कादंबरीबद्दल लिहावं, कवितेबद्दल लिहावं, फार तर एखाद्या आत्मचरित्राबद्दल, असा आपल्याकडे एक अलिखित नियम आहे. मंडळी, यंदा तो मी मोडतो आहे. मी निवडलेल्या पुस्तकात पात्रं नाहीत, संवाद नाहीत, आणि आज्ञार्थी क्रियापदांखेरीज लेखकाला दुसरं काही ठाऊक असेल असंही वाटत नाही. पण गेल्या बारा वर्षांत हे पुस्तक मी जितक्या वेळा वाचलं तितकं दुसरं कुठलंच वाचलेलं नाही. त्यातलं बरंचसं वाचन गॅरेजच्या फरशीवर पाठ टेकून, दातात बॅटरी धरून झालेलं आहे.

पुस्तक आहे हेन्स या इंग्रज प्रकाशनसंस्थेचं एमजीबी मोटारीचं वर्कशॉप मॅन्युअल.

एमजीबी ही दोन माणसांची, कापडी टपाची, बुटकी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० पर्यंत ती तयार झाली. पाच लाखांहून अधिक गाड्या निघाल्या आणि त्यातल्या पुष्कळशा अमेरिकेत आल्या. माझी १९७१ ची. १७९८ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, दोन एसयू कार्बोरेटर, सीटांच्या मागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, आणि कॉम्प्युटर औषधालाही नाही. शुगर लँडमधल्या आमच्या सबडिव्हिजनमध्ये ड्राइव्हवेवर गाडी उघडायला बंदी आहे, म्हणून सगळा उद्योग गॅरेजचं दार अर्धं ओढून चालतो. ऑगस्टमध्ये आत काय परिस्थिती असते ते आपल्याकडच्या मंडळींना सांगायला नको. दिवाळी ते गुढीपाडवा हा माझा खरा सीझन.

हे पुस्तक पहिल्यांदा हातात आलं तेव्हा मला एकदम कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' आठवली. १९७० साली आलेलं ते पुस्तक आपल्यापैकी कितीजणींच्या बॅगेतून इथवर आलं असेल! आई म्हणायची, "अंदाजानं घाल." तो अंदाज कुठून आणायचा ते सांगायची नाही. कमलाबाईंनी वाटी आणि चमचा सांगितला, आणि आईपासून आठ हजार मैलांवर असलेल्या मुलीच्या हातून आमटी जमली. हेन्सचंही तेच. मेस्त्री म्हणेल, "पॉइंट्स थोडे उघडे ठेवा साहेब." हेन्स सांगतो, फट ०.०१५ इंच, म्हणजे ०.३८ मिलिमीटर, आणि ती फीलर गेजने मोजायची. शिकवणारं माणूस शेजारी नसलेल्यांसाठी लिहिलेली ही दोन पुस्तकं. आमच्या घरी एक हळदीनं पिवळं झालंय, दुसरं ग्रीसनं काळं.

या पुस्तकांचा जनक जॉन हेन्स. त्याचा जन्म १९३८ साली सिलोनमधल्या चहाच्या मळ्यावरचा. शिक्षणासाठी इंग्लंडला बोर्डिंगमध्ये. तिथे शाळेत असतानाच, १९५६ साली, त्यानं ऑस्टिन सेव्हन गाडीपासून स्पेशल कशी बनवावी यावर एक पुस्तिका काढली. अडीचशे प्रती दहा दिवसांत संपल्या. पुढे हवाई दलात असताना एडनला एका सहकाऱ्याची ऑस्टिन-हीली स्प्राइट उघडायची वेळ आली. कंपनीचं मॅन्युअल सामान्य माणसाच्या उपयोगाचं नव्हतं. मग ह्यानं प्रत्येक पायरीला फोटो काढत ते काम केलं, आणि १९६६ साली त्याचं पहिलं वर्कशॉप मॅन्युअल आलं. तीन हजार प्रती तीन महिन्यांच्या आत खपल्या.

पुस्तकाची ताकद इथेच आहे. कंपनीचं अधिकृत मॅन्युअल डीलरच्या मेकॅनिकसाठी असतं, त्यात पानोपानी "अमुक नंबरचं खास हत्यार वापरा" असा आदेश. ते हत्यार तुमच्याकडे नसतं आणि मिळतही नाही. हेन्सचा लेखक तुमच्यासारखाच एका गॅरेजात उभा आहे, त्याच्याकडे चार पाने, एक हातोडी आणि लाकडाचा ठोकळा आहे. फोटो काळपट, छपाई सुमार, पण फोटोतल्या हातांची नखं काळी आहेत. माझा विश्वास त्या नखांवर बसला. रॉबर्ट पिर्सिगचं १९७४ सालचं मोटारसायकल देखभालीच्या नावाचं प्रसिद्ध पुस्तक मी गाडी घेण्याआधी भक्तिभावानं वाचलं होतं. चांगलं आहे. मात्र त्यावरून पॉइंट्सची फट काढता येत नाही.

कार्बोरेटरचं प्रकरण तर मला अजूनही वाचायला आवडतं. एसयू म्हणजे स्किनर्स युनियन. बुटांच्या व्यापारातल्या घराण्यातल्या भावांनी हा कार्बोरेटर काढला, आणि सुरुवातीच्या एसयूमध्ये चक्क चामड्याचा भाता असे. नंतर त्या जागी पिस्टन आला. इंजिनाला जेवढी हवा हवी तेवढा तो उचलला जातो, त्याला जोडलेली निमुळती सुई जेटमधून वर येते आणि तेवढंच पेट्रोल सुटतं. असे दोन कार्बोरेटर एका सुरात आणायचे तर रबरी नळीचं एक टोक कानाला, दुसरं एकेकाच्या तोंडाशी धरायचं आणि दोन्हीकडची सुसकार सारखी होईपर्यंत स्क्रू फिरवायचा. तंबोरा लावणाऱ्याला हे वेगळं शिकवावं लागणार नाही.

आता तक्रार. हेन्सची मॅन्युअलं ज्या सूत्रासाठी जगभर थट्टेचा विषय झाली ते म्हणजे, बसवताना काढण्याच्या उलट क्रमानं जा. भाग काढायचा कसा याला दीड पान, परत बसवायचा कसा याला एक ओळ. हे खरं असतं तर चकलीची भाजणी उलट क्रमानं दळून तांदूळ परत मिळाले असते! चोपन्न वर्षांचा बोल्ट निघताना अर्धा तुटतो, त्याची उलट क्रिया काय? काढलेल्या सहा वायसरांपैकी पाचच सापडतात, त्याची उलट क्रिया काय? पुस्तक गृहीत धरतं की गाडी मुळात शहाणी आहे आणि हवा इंग्लंडची आहे. इथल्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं आणि जुन्या पद्धतीचं रबर त्यानं खराब होतं, हे त्या काळच्या लेखकाला माहीत असायचं कारण नव्हतं. पण ज्याच्या हातात आज पुस्तक आहे त्यानं ते माहीत करून घ्यायला हवं आणि पेट्रोलचे होज आजच्या इंधनाला टिकणारे घ्यायला हवेत.

याहून मोठा दोष मला एका उन्हाळ्यात कळला, आणि त्यासाठीच हा लेखनप्रपंच.

गाडी वीस-पंचवीस मिनिटं उत्तम चालायची, मग ठोके चुकवायची आणि बंद पडायची. अर्धा तास सावलीत उभी केली की काही झालंच नाही अशा थाटात सुरू. ज्याला विचारावं तो म्हणे, "व्हेपर लॉक." म्हणजे उष्णतेनं पेट्रोलची नळीतच वाफ होते आणि इंजिनाला पेट्रोल पोचत नाही. मलाही पटलं, कारण या गाडीत कार्बोरेटर एक्झॉस्टच्या बरोबर वर बसवलेले आहेत. मग मी पुस्तकातलं इंधनाचं प्रकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत राबवलं. पंप, फिल्टर, फ्लोट, होज, सगळं. प्रत्येक काम पुस्तकाबरहुकूम झालं आणि प्रत्येक कामानंतर गाडी बरोबर तेवीसाव्या मिनिटाला बंद.

त्यातल्याच एका रविवारी लेक शेजारी बसली होती. हायवे सिक्सवर ती म्हणाली, "बाबा, पेट्रोलचा वास येतोय." मी म्हटलं, जुनी गाडी आहे, येणारच. थोड्या वेळानं ती परत म्हणाली, या वेळी जरा वेगळ्या आवाजात. बाजूला घेऊन चावी बंद केली, तिला लांब उभं केलं आणि मग बॉनेट उघडलं. पुढच्या कार्बोरेटरच्या होजची क्लिप सैल होती आणि थेंब खाली गरम एक्झॉस्टच्या दिशेनं चालले होते. क्लिप मीच बसवली होती, उलट क्रमानं.

काही झालं नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही हे लिहायला हरकत नाही.

चूक सर्वस्वी माझी. तरीही समीक्षक म्हणून एक म्हणतो: "उलट क्रमानं बसवा" हे वाक्य वाचणाऱ्याच्या मनात शेवटचा स्क्रू आवळला की काम संपलं अशी समजूत घालून देतं. तपासणी ही कशाच्याच उलट नसते, त्यामुळे त्या सूत्रात तिला जागा नाही. आणि आता तपासणारं दुसरं कुणी उरलेलंही नाही. टेक्ससनं १ जानेवारी २०२५ पासून खासगी मोटारींची वार्षिक सुरक्षा तपासणी बंद केली. फोर्ट बेंड काउंटीत धुराची चाचणी आहे, पण ती चोवीस वर्षांपर्यंतच्या गाड्यांना. माझ्या गाडीकडे आता फक्त मी आणि हे पुस्तक बघतो.

आणि गाडी का बंद पडत होती? पुस्तकात दोषशोधाचे तक्ते आहेत. लक्षण डावीकडे, संभाव्य कारणं उजवीकडे. पण सगळी कारणं एकाच टायपात! कुठलं कारण नेहमीचं, कुठलं क्वचितचं, कुठलं एका मिनिटात तपासता येतं आणि कशाला रविवार जातो, हे तक्ता सांगत नाही. पुस्तकाची प्रकरणं इंजिन, इंधन, इग्निशन अशी आहेत, आणि दोष काही प्रकरणं वाचून येत नाही. मी इंधनाच्या प्रकरणात शिरलो आणि तिथंच अडकलो, कारण दुसऱ्या प्रकरणात जा असं मला कुणी म्हणालं नाही.

मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीचे मेस्त्री आठवून पाहा. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर, मूठ कानाला, डोळे मिटलेले. तो माणूस आधी ऐकायचा, मग ठिणगी बघायचा, आणि त्यानंतरच पाना उचलायचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून शेवटच्या पद्मिनी टॅक्सीही गेल्या. तो क्रम कुणी लिहून ठेवला असेल तर माझ्या पाहण्यात नाही. स्वयंपाकघरात तरी वेगळं काय होतं? पाक पुढे गेला, लाडू दगड झाले, की आपण पुस्तक मिटतो आणि घड्याळात भारताची वेळ बघून आईला फोन लावतो.

मला फोन करायला कुणी नव्हतं, पण समास होता. माझी प्रत गाडीबरोबरच आली. आधीच्या मालकानं, त्याला मी कधी भेटलो नाही, पेन्सिलनं जागोजागी टिपणं केली आहेत. इग्निशनच्या प्रकरणात कंडेन्सरच्या चित्राशेजारी त्यानं दोन वाक्यं लिहिली होती. मराठीत सांगायची तर: तापला की जातो; आधी ठिणगी बघ. वर्षभर हे पान माझ्यासमोर होतं. दोष पेट्रोलचाच आहे हे मला "माहीत" असल्यामुळे मी ते वाचलं नव्हतं.

कंडेन्सर म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधली बोटाच्या पेराएवढी डबी. पॉइंट्स उघडताना तिथे ठिणगी उडून वीज वाया जाऊ नये म्हणून तो ती क्षणभर झेलतो, त्यामुळे कॉइलचा जोर प्लगपर्यंत पोचतो. आतलं इन्सुलेशन कमजोर झालं की थंड असताना ठीक, तापला की नापास. पुढच्या वेळी गाडी बंद पडली तेव्हा मी एक जादा प्लग बरोबर ठेवला होता. कुठेही पेट्रोलचा वास नाही, ओल नाही याची खात्री केली (हे आधी!), प्लग वायरला लावला, त्याचं अंग इंजिनाला टेकवलं. लेकीनं चावी फिरवली. पिवळट, मरतुकडी ठिणगी. अर्ध्या तासानं गाडी गार झाल्यावर तीच ठिणगी निळी आणि कडक. चार-पाच डॉलरचा कंडेन्सर बदलला. त्यानंतर त्या दुखण्यानं गाडी थांबलेली नाही.

तेव्हा पुस्तकाची शिफारस करू का? जरूर, पण जुनी, वापरलेली, लिहिलेली प्रत मिळाली तर तीच घ्या. कोरी प्रत म्हणजे अर्धंच पुस्तक. जॉन हेन्स २०१९ साली गेले आणि २०२० च्या शेवटी कंपनीनं जाहीर केलं की नव्या मोटारींची छापील मॅन्युअलं यापुढे काढणार नाही. जुनी छापत राहील. नव्या गाड्यांची माहिती पडद्यावर मिळेल, कदाचित अधिक अचूकही असेल. पण माझ्या गाडीचा दोष छापलेल्या मजकुरानं सापडला नाही, पेन्सिलनं सापडला, आणि ग्रीसच्या हातानं पडद्याच्या समासात लिहायची सोय मी अजून पाहिलेली नाही.

इंधनाच्या प्रकरणात, होजच्या पानावर, आता माझंही टिपण आहे. बॉलपेननं, मराठीत: "क्लिप आवळल्यावर इंजिन दहा मिनिटं चालू ठेव. मग बंद करून प्रत्येक जोडावर कोरडं बोट फिरव." मंडळाच्या मराठी शाळेत दोन वर्षं काढलेल्या लेकीनं त्याखाली एकच शब्द भर घातलाय, वेलांटी-उकाराची भानगड नसल्यामुळे अचूक: "वास."