साठावे पत्र

आईची पत्रे स्कॅन करायला घेतली, तेव्हा काम एका वीकएंडचे वाटले होते. माझ्या पीएच.डी.च्या वर्षांत आलेली निळी हवाई पत्रे, मोजून साठ. एकोणसाठ झाली. उरलेल्या एकात आईने बाबांबद्दल कडवट लिहिले आहे. "हे कशाला मुलींच्या हाती?" म्हणून ते बाजूला ठेवले. नेमके त्याच आठवड्यात काशीबाई कानिटकरांनी लिहिलेले डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र पुन्हा वाचायला घेतले.

आपल्यापैकी बहुतेकांना आनंदीबाई भेटल्या त्या श्री. ज. जोशी यांच्या 'आनंदी गोपाळ' (१९६८) ह्या कादंबरीतून. कादंबरी ओघवती आहे, पण तिथे दोघांच्या मनातले लेखक सांगतो. काशीबाईंच्या ग्रंथाच्या १९१२ च्या दुसऱ्या आवृत्तीत पत्रे आहेत, म्हणजे बाई स्वतः बोलतात. अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या एका पत्रात त्यांनी लहानपणी त्याच्याच हातून खाल्लेल्या माराचा हिशेब मांडला आहे. ज्याने हट्टाने शिकवले, सातासमुद्रापार पाठवले, त्यालाच! चरित्रनायिकेचा संसार सोज्ज्वळ दाखवायचा, तर हे पत्र गाळणे सोपे होते. काशीबाईंनी ते गाळले नाही, हे मला ग्रंथाचे खरे मोल वाटते. १८८७ साली एकविसाव्या वर्षी आनंदीबाई गेल्या. मागे मूलबाळ नव्हते. पत्रे टिकली ती कोणीतरी ती वाचून छापली म्हणून.

मीरा कोसंबी यांचे ह्याच पत्रांवरचे इंग्रजी पुस्तक त्यांच्या निधनानंतर, २०२० साली आले. त्यात काळाची पार्श्वभूमी उत्तम मिळते. इथे वाढलेल्या आपल्या मुलांना तेच आधी द्यावे. मात्र त्या काळची मराठी पत्नी तक्रार करतानाही आदरार्थी बहुवचन सोडत नसे. इंग्रजीतल्या 'यू'मध्ये तो आदर आणि त्यातला पीळ दोन्ही हरवतात. हा दोष अनुवादकाचा नव्हे, भाषेचा आहे.

आईच्या पत्रातही रागाच्या भरात "ह्यांनी" असेच आहे. स्कॅनमध्ये माझ्या मुलींना ते अक्षर दिसेल, पण वाचता येणार नाही. तेव्हा साठावे पत्रही स्कॅन केले. खाली तारीख आणि त्या वर्षी घरात काय चालले होते, ते इंग्रजीत चार ओळींत लिहिले. मग साठही पत्रे माझ्या आवाजात मराठीत वाचून ध्वनिमुद्रित करायला बसलो. त्या एका "ह्यांनी"पाशी मात्र दोनदा थांबावे लागले.