उंगॉयच्या पाठीवरची टाकी

दलित समीक्षेने अभिजनांचे वाङ्मय तपासले, ग्रामीण वाङ्मय तपासले, स्वतःचेही तपासले. करमणुकीच्या वाङ्मयाला मात्र तिने फारसा हात लावलेला नाही. ते बाजारू, त्यात तपासायचे काय, असा समज आपल्यातही रुजला आहे. वास्तविक लेखक जिथे बेसावध असतो तिथेच त्याच्या समाजाचे मन उघडे पडते. म्हणून 'हेलो', म्हणजे तेजोवलय, या नावाच्या व्हिडिओ गेमवर बेतलेल्या इंग्रजी विज्ञान-कादंबऱ्यांचा येथे विचार करावयाचा आहे.

हा खेळ २००१ साली अमेरिकेत बाजारात आला. त्याच्या काही दिवस आधी एरिक नायलंडची 'द फॉल ऑफ रीच' निघाली. पुढे विल्यम डीट्झची 'द फ्लड' (२००३), जोसेफ स्टेटनची 'कॉन्टॅक्ट हार्वेस्ट' (२००७) आणि इतर कितीतरी. काळ सव्विसाव्या शतकाचा. माणूस अनेक ग्रहांवर पसरला आहे आणि 'कव्हनंट' या परग्रहवासीयांच्या धर्मसंघाशी त्याचे युद्ध चालू आहे. या संघाची रचना पाहताच आपल्याकडचा वाचक थबकतो. शिखरावर प्रेषित, शास्त्राचा अर्थ लावण्याचा अधिकार त्यांचा. त्यांच्याखाली लढवय्ये सांगहेली. मग आणखी जमाती, प्रत्येकीचे काम आणि जागा ठरलेली. अगदी तळाशी उंगॉय: बुटके, संख्येने अफाट, शत्रूच्या तोंडी देण्यासाठीच ठेवलेले.

खेळात हा उंगॉय विनोदाचा विषय आहे. तो चिरक्या आवाजात बोलतो, नायक पडला की किंचाळत पळतो, आणि खेळणारा त्याला हसत हसत मारतो. माणसांनी त्याला नाव दिले 'ग्रंट', म्हणजे डुकराची घुरघुर. त्याचे स्वतःचे म्हणून जे नाव लेखकांनी ठेवले, त्या 'उंगॉय' शब्दाचा फिलिपिन्सच्या तगालोग भाषेत अर्थ होतो माकड! शूद्राचे नाव तुच्छतादर्शक असावे हे मनूने सांगून ठेवले होते. अमेरिकेतल्या लेखकाने मनू वाचला नसेल, पण खालच्याला नाव कसे द्यावे हे कोणालाच शिकवावे लागत नाही असे दिसते.

यवतमाळ, पुसद, वणीकडच्या मजुराच्या घरात हा खेळ खेळण्याचे महागडे यंत्र नाही. ही उणीव वाचक म्हणून मला फायद्याची वाटते. जो आधी खेळतो त्याला उंगॉय बंदुकीच्या नळीतून दिसतो. जो फक्त कादंबरी वाचतो त्याला तो आधी मनातून भेटतो. 'कॉन्टॅक्ट हार्वेस्ट'मधला डाडाब हा असा उंगॉय आहे. धर्मखात्यातली एक किरकोळ सेवकाची जागा त्याला मिळाली आहे. जहाजावरचे किग-यार त्याला तुच्छ लेखतात. आणि हा डाडाब काय करतो? ज्याला वाचाच नाही अशा हुरागोक जातीच्या एका कामगार-प्राण्याची खुणांची भाषा शिकून घेतो, त्याच्याशी मैत्री करतो. खेळाला हे परवडणारे नव्हते. कादंबरीला मन दाखवल्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि मन दाखवले की हसू थांबते.

उंगॉयला प्राणवायू चालत नाही. त्याला मिथेन लागतो, म्हणून तो पाठीवर मिथेनची टाकी वागवतो. ती टाकी भरून देणे वरच्यांच्या हाती. पाणी ज्याच्या ताब्यात त्याच्या ताब्यात माणूस, हे महाडच्या तळ्याने आपल्याला शिकवले. येथे तर श्वासच ताब्यात घेतला आहे. हे वाचताना आपल्या जिल्ह्यातल्या कोणालाही दुसरी एक टाकी आठवेल. २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पडले. तेव्हाही चर्चा झाली ती त्यांनी तोंडाला काही बांधले होते की नाही याची! पाठीवरचा पंप कोणी चढवला, रोजाची गरज कोणाला होती, हे मागे पडले.

श्रेणीबद्ध विषमतेचे मर्म या लेखकांना बरेच उमगले आहे. किग-यार आणि उंगॉय एकमेकांचे वैरी आहेत. उंगॉयांनी पूर्वी केलेल्या बंडाचे मूळही त्याच भांडणात दाखवले आहे. ते बंड निर्दयपणे चिरडले गेले आणि नंतर त्याच उंगॉयांना अधिक संख्येने सैन्यात घेतले गेले. खालच्या दोघांनी झगडावे, वरच्याने दोघांचा उपयोग करावा. पण हे बंड कादंबरीत केवळ इतिहास म्हणून येते, घडत नाही. 'द फ्लड'मधला यायाप जखमी सांगहेलीला वाचवतो तेही स्वतःचा जीव वाचावा म्हणून, आणि त्याच्या सूडाच्या मागे फरफटत जातो. शहाणपण आहे, विद्रोह नाही.

'कॉन्टॅक्ट हार्वेस्ट'चा गाभा याहून मोलाचा आहे. ज्या प्राचीन देवतुल्य वंशाची कव्हनंट पूजा करतो, त्याचा वारसा माणसांकडे आहे, हे प्रेषितांना कळते. एका चिन्हाचा अर्थ त्यांनी आजवर चुकीचा लावला होता. सत्य सांगितले तर धर्म कोसळेल आणि गादीही जाईल. म्हणून तिघे प्रेषित ते दडपतात आणि माणसांच्या संहाराची आज्ञा देतात. शास्त्र वाचण्याचा मक्ता मूठभरांकडे ठेवण्याचे प्रयोजन इतक्या उघडपणे मांडणारे प्रसंग गंभीर म्हणवणाऱ्या साहित्यातही थोडेच सापडतील.

तरीही एक आक्षेप घेतलाच पाहिजे. येथे प्रत्येक पायरी म्हणजे वेगळी प्राणिजात आहे. उंगॉय खाली आहे कारण तो बुटका, दुबळा. विषमता जणू शरीरातूनच उगवते! जात म्हणजे वंशभेद ही कल्पना बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'त खोडून काढली होती. माणसामाणसांतला भेद देहात नाही, व्यवस्थेत आहे. ही कादंबरी व्यवस्था दाखवते आणि लगेच ती देहाच्या आड लपवते. आपली मराठी विज्ञानकथा या दोषातून सुटली, पण ती शिडीकडे वळलीच क्वचित. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत कथा पाठवून या प्रकाराला जी प्रतिष्ठा दिली, ती प्रामुख्याने शास्त्रज्ञाच्या खोलीतली प्रतिष्ठा होती. प्रयोगशाळा झाडणारा तिथे बोलत नाही.

आणि माणसांची बाजू? 'द फॉल ऑफ रीच'मध्ये सहा वर्षांची ७५ मुले घरातून पळवली जातात. आईबापांना कळू नये म्हणून त्यांच्या जागी लवकर मरणारी नकली मुले ठेवली जातात. आडनाव जाते, क्रमांक येतो. चौदाव्या वर्षी शरीर बदलण्याच्या शस्त्रक्रियांत ३० मरतात, १२ निकामी होतात. हे सारे मुळात परग्रहवासीयांसाठी योजलेलेच नव्हते. माणसांच्याच बंडखोर वसाहती दडपण्यासाठी होते. शत्रूच्या घरातली शिडी दिसते, आपल्या घरातली 'गरज' ठरते. नायलंडला हे बोचते, पण कादंबरी नायकाच्या पराक्रमाकडे इतक्या घाईने वळते की त्या ३० मुलांसाठी तिला थांबायला वेळ नाही. म्हणून विद्यार्थ्यांनी ही कादंबरी दुसरी वाचावी. आधी डाडाब वाचावा. मग या मुलांची यादी वाचताना कोणाच्या बाजूने वाचायचे ते ठरलेले असेल.